हायब्रीड

चनबसू म्हणाला, हायब्रीड घ्या मॅडम.
मी म्हटलं, हायब्रीडची भाकरी आमच्यात
पाहुण्याला वाढत नव्हते.
तो हसला. त्याच्याही घरी मालदांडीच असणार.

मग एकेक सायकल भिंतीवरून खाली आली.
पहिली बाकदार मुठींची, बोटभर टायरची,
उचलली तर भाजीच्या पिशवीइतकी.
डांबर गुळगुळीत असलं की वारा आहे वारा, म्हणाला.
मला अक्कलकोट रोड आठवला,
एमआयडीसीच्या वळणावर ट्रकांनी पाडलेले वाफे,
आणि ती परत भिंतीवर गेली.

दुसरी म्हशीसारखी. पुढं शॉक, मागं शॉक,
टायरला गोट्यांएवढे दात.
ही कुठंबी जाते.
जाते, पण पोचते कधी?
हे आतून मौला मिस्त्री बोलला,
पंक्चरच्या घमेल्यात ट्यूब दाबत, बुडबुड्यांकडं बघत.
चनबसूनं ऐकलंच नाही असं केलं.

माझं गणित असं:
सोमवार ते शनिवार, सकाळी साडेसात,
विडी घरकुलातून कारखाना,
मागं डबा, पाण्याची बाटली, डिझाइनची फाइल,
डोक्याला ओढणी, कारण आठलाच ऊन तव्यावर बसवतं.
आणि रविवारी नान्नजचा माळ.
डांबर संपल्यावर मुरूम, मुरूम संपल्यावर बाभळीचे काटे.
माळढोक दिसत नाही. दिसेल म्हणून मी जातही नाही.
मागांची खडखड कानातून उतरायला
तेवढे वीस किलोमीटर लागतात,
मग चंडोल ऐकू येतो.

एकीत दोन्ही नाही बसत मॅडम,
एक कामाची असते, एक हौसेची.
सकाळी नवराही तेच म्हणाला होता,
स्कूटी घे नि मोकळी हो.
सासूबाई तेवढ्या एका शब्दात: एंदुकु?

चनबसू दुपारी जिच्यावर पडतो ती चादर
काउंटरमागं होती.
उलटी करा, म्हटलं.
इकडं हिरव्यावर लाल मोर,
तिकडं लालवर हिरवा.
यातली उलटी बाजू कुठली, सांगा.
एकोणीस वर्षं हेच करते मी,
एका ताण्यात दोन चेहरे बसवते.
त्यानं चादर दोनदा पालटली, घडी घातली,
म्हणाला, चादरीला चढ चढायचा नसतो.
तेही खरंच.

तेवढ्यात मौलानं गोदामातून तिसरी आणली,
धूळ ओल्या हातानंच पुसत.
पिवळी. हळदीचा नव्हे, गॅसच्या गाडीचा पिवळा.
रंगापायी दोन वर्षं गेली नाही.
पोलादी सांगाडा, मधल्या जाडीचे टायर,
आठ गिअर, आणि मागं कॅरिअरची भोकं
कंपनीनंच पाडलेली.
ही हायब्रीडच हाय, चनबसू हळूच म्हणाला.

पार्क चौकापर्यंत नेऊन आणली.
सीट कडक, खारवलेल्या भाकरीसारखी.
घंटी वाजते चमचा पडल्यासारखी.
पण गतिरोधकावर ती नुसती मान हलवून गेली,
आणि चढाला मी उठून उभी राहिले पेडलवर,
बेचाळीस वर्षांची बाई, भर बाजारात,
रिक्षावाला बाजूला झाला.

साडेसोळा हजार. घासाघीस तीनशेची.
मौलानं सीट बोटभर वर घेतली,
पैसे विचारले तर म्हणाला, पुढच्या पंक्चरला.

आमच्या नायनाच्या सायकलीला कॅरिअर होतं,
सुताची गठडी होती,
गोदाम ते माग, माग ते गोदाम,
हौस नव्हती. किंवा असेल, कुणी विचारलं नाही.
माझ्या सायकलीला हौस आहे
आणि कॅरिअर मंगळवारी येणार आहे.

तोवर डबा हँडलला.
प्रत्येक वळणावर तो गुडघ्याला लागतो,
शेंगाचटणीचं तेल पिशवीला आलंय,
आणि आज अजून गुरुवारच.